गाडी उभी, बॅटरी कामावर

बॅटरीचं पोट सुटलं होतं. सीटखालच्या कप्प्याचं झाकण काढून टॉर्च मारला, तर एरवी सरळसोट असणारी तिची बाजू फुगून बाहेर आलेली आणि वरच्या कडेपासून खाली केसाएवढी चीर. आमच्या मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, तो पहिला हिवाळा. साडेचार महिने गाडी शेडमध्ये उभी होती आणि मी निर्धास्त होतो, कारण ठेवताना मी 'सगळं बंद' केलं होतं. दिवे, पंप, फ्रिज, एवढंच काय, कंट्रोल पॅनलवरचं मुख्य बटणही. पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या, नळ उघडे ठेवले, गाद्यांना हवा लागावी म्हणून त्या उभ्या करून ठेवल्या. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून एवढा आटापिटा केला, आणि बॅटरीतही पाणीच असतं हे डोक्यात आलं नाही.

कप्प्याच्या तळाशी ओल होती. खालचं कार्पेट बोट लावताच भुगा होऊन हातात आलं. तेव्हा कळलं की ते पाणी नाही, ॲसिड आहे. माझे एक ज्येष्ठ मित्र आहेत, बोटींच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलेले. त्यांना फोन केला.

"हातमोजे घाल, डोळ्यांना चष्मा लाव. खाण्याचा सोडा टाक, फसफस थांबेपर्यंत टाकत राहा, मग पुसून घे. आणि तिला चार्जिंगला लावून बघूया वगैरे विचार करू नकोस."

"थंडीने मारली हो," मी म्हणालो. रात्रीचं तापमान उणे १२ पर्यंत गेलं होतं.

"थंडीने नाही, तू मारलीस. थंडी तर तिला मानवते."

हे वाक्य मला तेव्हा खटकलं, पण ते शंभर टक्के खरं होतं. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड असतं. बॅटरी भरलेली असते तेव्हा ॲसिड पाण्यात असतं, आणि असं पाणी उणे ५० च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. बॅटरी उतरत जाते तसं ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि मागे जवळजवळ नुसतं पाणी उरतं. ते उणे ७-८ लाच गोठायला लागतं. माझी बॅटरी गोठली तेव्हा ती आधीच रिकामी होती. भरलेली असती तर उणे १२ मध्ये तिला काहीही झालं नसतं, उलट ती जास्त टिकली असती. नुसती ठेवलेली बॅटरीसुद्धा आपसूक थोडी थोडी उतरते, आणि तो वेग तापमान दहा अंशांनी खाली आलं की साधारण निम्मा होतो. उन्हाळ्यात महिनाभर पडून राहिलेल्या बॅटरीपेक्षा हिवाळ्यात पडलेली बॅटरी कमी उतरते. अट एकच, कुणी तिच्यातून काही प्यायला नको.

माझ्या बॅटरीतून कोणीतरी पीत होतं. कोण, ते कळायला आणखी दोन वर्षं लागली.

छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनल आहे, त्यामुळे वरून भर पडत राहील अशी माझी समजूत होती. शेडमध्ये कसलं ऊन! शेडबाहेर असती तरी हिवाळ्यातलं सूर्याचं तिरकं ऊन आडव्या पॅनलवर पडून फारसं काही मिळालं नसतं, आणि बर्फ पडला की तेही नाही. उलट सोलरचा कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा, स्वतःला चालू ठेवण्यासाठी बॅटरीतूनच दोन घोट घेतो.

दुसऱ्या हिवाळ्यात मी शहाणा झालो होतो, म्हणजे अर्धा. नवी बॅटरी बसवली, शेडमधून विजेची लाइन ओढली आणि गाडीतला चार्जर सबंध हिवाळा चालू ठेवला. वसंतात पॅनलवर १३.६ व्होल्ट, दिवे झगझगीत, पंप जोरात. मोठ्या रुबाबात ड्रायव्हरच्या सीटवर बसून सेल्फ मारला.

टक्.

पुन्हा मारला. टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

मोटरहोममध्ये दोन संसार असतात. एक इंजिनाचा, एक घराचा. इंजिनाच्या बॅटरीला सेल्फसाठी काही सेकंद प्रचंड करंट द्यायचा असतो, तर घरातली बॅटरी दिवे, पंप, पंखे तासन्‌तास चालवायला बनवलेली असते. दोघींच्या मध्ये रिले असतो. इंजिन चालू असतं तेव्हाच तो दोघींना जोडतो, एरवी वेगळं ठेवतो, म्हणजे रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी इंजिन चालू होतं. त्याचीच दुसरी बाजू अशी की बाहेरून वीज जोडली की बऱ्याच गाड्यांत चार्जर फक्त घरातली बॅटरी भरतो. काही गाड्यांत इंजिनाच्या बॅटरीकडेही बारीक धार सोडलेली असते. आमच्या गाडीत नव्हती. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं होतं, मी ते वाचलं नव्हतं.

मीटर लावला तर ९.४ व्होल्ट. अलार्म, ट्रॅकर, रिमोटची वाट बघत बसलेलं सेंट्रल लॉकिंग, रेडिओची मेमरी, सगळं मिळून ४५ मिलिअँपिअरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला एक अँपिअर-तासाहून (एक अँपिअर, तासभर) थोडं जास्त होतं, म्हणजे ७० अँपिअर-तासांची बॅटरी सव्वादोन महिन्यांत कोरडी. आमची गाडी त्याच्या दुप्पट काळ उभी होती.

त्यात मी आणखी एक उद्योग केला होता. डिसेंबरात दोनदा शेडमध्ये जाऊन दहा-दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवलं होतं. हा सल्ला कुणीही देतो, आणि तो ऐकू नये असं माझं स्पष्ट मत झालंय. थंडगार इंजिन चालू करायला सेल्फने एक दणका घ्यायचा, नंतर दहा मिनिटं आयडलिंगवर अल्टरनेटरने जे देता येईल ते द्यायचं. थंड बॅटरी करंट हळूहळूच घेते, आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तर तासच्या तास लागतात. इंजिन नीट तापतही नाही, मग तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाण्याचा अंश राहून जातो. इंजिन चालवायचंच तर गाडी बाहेर काढून तासभर फिरवून आणावी. नाहीतर किल्लीला हात लावू नये.

इंजिनाची ती बॅटरी चार्जिंगला लावली, चार्जरने भरल्याचा दिवाही दाखवला. पण रात्रभर ठेवून सकाळी बघितलं तर १२.३ च्या पुढे जाईना. उतरलेल्या बॅटरीतलं सल्फेट प्लेटांवर बसतं हे वर आलंच. ते ताजं असतं तोवर चार्ज केलं की परत ॲसिडमध्ये जातं. आठवडेन्‌आठवडे तसंच राहिलं की त्याचे कडक खडे होतात आणि ते परत विरघळत नाहीत. तेवढी प्लेट कायमची कामातून गेली. ती बॅटरी उन्हाळाभर कशीबशी चालली आणि पहिल्या गार सकाळी बसली.

इथे मीटरबद्दल थोडं सांगतो, कारण मी बरीच वर्षं तो चुकीचा वाचत होतो. चार्जर काढल्या काढल्या मीटर लावला की तो १३ च्या वर आकडा दाखवतो आणि आपण खूश होतो. तो वरवरचा फुगा असतो. बॅटरीला काही जोडलेलं नसताना रात्रभर स्वस्थ ठेवायचं आणि सकाळी बघायचं. साध्या लेड-ॲसिडसाठी १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे तळ दिसायला लागला. '१२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवतेय, म्हणजे उत्तम' असं मी कितीदा म्हटलं असेल! १२.४ ला आली की चार्जिंगला लावायची, वाट बघायची नाही. बॅटरीला बुचं असतील तर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर याहून खरं बोलतो. भरलेल्या सेलमध्ये १.२६५ च्या आसपास दाखवतो, आणि सहापैकी एखादा सेल मागे पडला असेल तर तेही सांगतो. व्होल्टमीटरला ते कळत नाही.

तिसऱ्या वर्षी, गाडी ठेवायच्या आधी, ठरवलं की पिणारा शोधायचा.

पद्धत सोपी आहे. घरातल्या बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची आणि केबल नि टर्मिनल यांच्या मध्ये मल्टीमीटर धरायचा, म्हणजे जो काही करंट जाईल तो मीटरमधूनच जाईल. आधी मीटरची १० अँपिअरची पट्टी वापरायची. पॅनलवरचं मुख्य बटण बंद होतं. दिवे, पंप, सगळं बंद. मीटर ०.१३ दाखवत होता. 'सगळं बंद' असलेल्या गाडीत १३० मिलिअँपिअर! म्हणजे दिवसाला तीन अँपिअर-तास. माझी बॅटरी ९५ ची. महिन्याभरात खडखडाट.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. टॉर्च तोंडात, एक गुडघा सीटवर, एक जमिनीवर. पंपाचा काढला, ०.१३. दिव्यांचा काढला, ०.१३. हीटरचा, ०.१३. गॅस अलार्मचा काढला तेव्हा ०.०९ झाला. पहिला सापडला. पण मोठा अजून आतच होता. पुढचा फ्यूज काढला आणि आकडा धपकन ०.०३ वर आला. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर त्याच्यापुढे नुसतं टीव्हीचं चित्र होतं.

टीव्ही तर आम्ही आदल्याच वर्षी काढून टाकला होता. तासभर त्या वायरचा माग काढला. ती भिंतीतून वर जाऊन कपाटाच्या आत, अगदी कोपऱ्यात, एका चपट्या डबीत शिरत होती. अँटेनाचा बूस्टर. त्यावर एक बटण आणि राईएवढा हिरवा दिवा. कपड्यांच्या मागे तो तीन वर्षं अहोरात्र जळत होता. नसलेल्या टीव्हीसाठी सिग्नल वाढवत होता. गाडी बनवणाऱ्यांनी त्याची वायर मुख्य बटणाला वळसा घालून थेट बॅटरीवर नेली होती. का, ते त्यांनाच ठाऊक.

बायकोला बोलावून दाखवलं. तिने दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे दोन बॅटऱ्या याने खाल्ल्या?"

"एक याने. दुसरी इंजिनाकडच्या चोर-अलार्मने."

"आणि तू म्हणालास सगळं बंद केलंय."

उरलेले ३० मिलिअँपिअर बारकाईने बघायचे म्हणून प्रोब मिलिअँपिअरच्या भोकात हलवला. मीटर तसाच लावलेला ठेवून गाडीतून उतरायला गेलो आणि सवयीने पायरीचं बटण दाबलं. पायरी मोटरवर चालते. मोटरने जो काही करंट मागितला तो बिचाऱ्या मीटरमधून, आणि त्या भोकाचा फ्यूज २०० मिलिअँपिअरचा. पायरी जागची हलली नाही, मीटरचा आकडा मात्र शून्य झाला. काही क्षण मला वाटलं, मी करंटचं लीकेज पूर्ण थांबवलं!

तर, त्यानंतर मी गाडी अशी ठेवू लागलो.

आधी टर्मिनल. निळसर-पांढरी बुरशी आलेली असेल तर कोमट पाण्यात सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासतो, कोरडं करतो, वरून पेट्रोलियम जेलीचा हात. बुचांच्या बॅटरीत पाणी बघायचं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घालायचं, बाकीची पातळी चार्ज झाल्यावर करायची, कारण चार्ज होताना पाणी फुगतं आणि काठोकाठ भरलेलं ॲसिड बाहेर येतं. नळाचं पाणी कधीच नाही.

मग पूर्ण चार्ज. 'हिरवा दिवा लागला' म्हणजे पूर्ण असं नाही, त्यानंतरही काही तास राहू देतो. चार्जर टप्प्याटप्प्याने भरणारा असावा. आधी जोरात, मग १४.४ च्या आसपास व्होल्टेज धरून करंट कमी कमी करत, आणि शेवटी १३.५ च्या आगेमागे नुसता राखणारा. जेल, एजीएम (हे दोन्ही लेड-ॲसिडचेच बंद प्रकार) आणि साध्या बॅटरीचे आकडे वेगळे असतात, तेव्हा चार्जरवरचं बटण आपल्या बॅटरीप्रमाणे आहे ना हे बघायचं. जेलला जास्त व्होल्टेज दिलं की आत बुडबुडे होऊन ती कायमची खराब होते. शक्यतो तापमान ओळखणारा चार्जर घ्यावा. थंडीत बॅटरीला थोडं जास्त व्होल्टेज लागतं, गरमीत कमी.

चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला तरी तो ठिणगीला पेट घेतो. म्हणून आधी चिमटे लावायचे आणि मग चार्जरचा स्विच, काढताना उलट. खिडकी किंवा कप्पा उघडा. हे सगळेच सांगतात आणि सगळेच विसरतात. मीही एकदा चालू चार्जरचा चिमटा ओढला होता. बारीक ठिणगी उडाली, बाकी काही झालं नाही, पण त्या दिवसानंतर विसरलो नाही.

घरातली बॅटरी सोडवताना क्रम ठरलेला. आधी सोलर पॅनल कंट्रोलरपासून वेगळं करायचं, कारण बॅटरी नसताना पॅनलचा जोर कंट्रोलरवर गेलेला त्याला सोसत नाही. मग निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आधी, कारण ती सुटलेली असली की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाहिजे तर केबलच्या टोकाला कापड गुंडाळून ठेवावं, ती स्प्रिंगसारखी परत टर्मिनलवर येऊन बसते.

बॅटरी गॅरेजमध्ये आणून लाकडी फळीवर ठेवतो. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असं अजूनही सांगतात. जुन्या काळी लाकडाच्या, रबराच्या पेट्या असत, तेव्हाची ती गोष्ट. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला जमिनीचं काही देणंघेणं नाही. हे माहीत असूनही मी फळी ठेवतो.

इंजिनाची बॅटरी मात्र जागेवरच, छोट्या राखणाऱ्या चार्जरला जोडून. तीही एकदा सोडवून बघितली होती. केबल निघाल्या क्षणी अलार्म असा किंचाळला की मी डोकं बॉनेटला आपटून घेतलं. भोंग्याच्या आत स्वतःची छोटी बॅटरी असते, चोराने केबल कापली तरी वाजता यावं म्हणून. आधी किल्लीने अलार्म सर्व्हिस मोडवर टाकायचा असतो. शिवाय बॅटरी काढली की ट्रॅकरही आंधळा होतो आणि रिमोटने दार उघडत नाही, त्यामुळे खरी किल्ली खिशात असलेली बरी. एवढं सगळं करण्यापेक्षा चार्जर परवडला. आठवड्यातून एकदा जाऊन त्याचा दिवा लागलाय ना ते बघतो. शेडमधला ब्रेकर पडला तर चार्जर गप्प बसतो आणि कुणाला सांगत नाही.

एक वही आहे. तिसऱ्या हिवाळ्यातल्या नोंदी अशा: नोव्हेंबर १२.७२, डिसेंबर १२.६९, जानेवारी १२.६५, फेब्रुवारी १२.६२. या चार ओळी मी त्या ज्येष्ठ मित्रांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवल्या. "मी म्हटलं नव्हतं, थंडी मानवते म्हणून," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

आता जरा कुठे हात बसला होता तर मागच्या वर्षी घरातली बॅटरी लिथियमची घेतली, आणि सगळे नियम उलटे झाले. २४ किलोंच्या जागी १२ किलो, पाठीला आराम. पण हिला भरून ठेवायचं नाही. निम्मी किंवा थोडी जास्त भरलेली ठेवायची, सोडवायची आणि विसरायचं. महिन्याला दोन-तीन टक्के उतरते, बस. राखणारा चार्जर लावायचा नाही. मीटरवर विसंबायचं नाही, कारण ४० टक्के भरलेली असो की ७० टक्के, ती १३.२ च्या आसपासच दाखवते. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंट लावला तरच खरं कळतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शून्य अंशाखाली चार्ज करायचं नाही. थंडीत लिथियम प्लेटच्या आत शिरायच्या ऐवजी वरच धातू होऊन साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. चांगल्या बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं आतलं सर्किट, त्या वेळी चार्जिंग तोडतो. माझीही तोडते म्हणे. मी अजून परीक्षा घेतलेली नाही.

फेब्रुवारीत एका कोरड्या सकाळी शेडमध्ये गेलो. लीकेज नाही, शंटवर ५६ टक्के, इंजिनाच्या चार्जरचा दिवा शांत. आलोच आहे तर घरातली थोडी भरून ठेवू म्हणून प्लग हातात घेतला. जुनी सवय. भिंतीवरचा थर्मामीटर उणे ४ दाखवत होता. प्लग खाली ठेवला, चिकटपट्टीचा तुकडा फाडला आणि कप्प्याच्या झाकणावर लावून मार्करने लिहिलं: 'शून्याखाली चार्ज नको.'

मार्चमध्ये गाडी बाहेर काढायला दोघं गेलो. मी पुढे सेल्फ मारून बघत होतो, पहिल्याच फटक्यात लागली. मागे वळून आलो तर बायको मार्करला टोपण घालत होती. माझ्या ओळीखाली तिच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: 'कपाटातला दिवा बघितलास का?'

बघितला नव्हता. जाऊन बघितला. बंद होता.